एल्म स्ट्रीटवरचा रक्तपात : कथेची गरज की नुसती धक्क्याची हौस?

राजारामपुरीकर

नमस्कार. कोल्हापुरातल्या राजारामपुरीत आम्ही काही चित्रपटप्रेमी महिन्यातून एकदा जमतो, एखादा जुना चित्रपट पाहतो आणि त्यावर मनापासून चर्चा करतो. येणाऱ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, तशीच महाविद्यालयात शिकणारी मुले-मुलीही आहेत. सगळे अठरा वर्षांपुढचे. पुढच्या वेळी वेस क्रेव्हन यांचा १९८४ सालचा 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' दाखवावा असे मी सुचवले, तेव्हा दोन ज्येष्ठ सदस्यांनी स्पष्ट विरोध केला. एवढा रक्तपात असलेला चित्रपट चर्चेला घेण्याच्या योग्यतेचा नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. पुढे सगळे रहस्य उघड होणार आहे, हे ध्यानात घ्यावे. ओहायोतल्या स्प्रिंगवुड नावाच्या काल्पनिक गावात टीना, तिचा मित्र रॉड, नॅन्सी आणि तिचा मित्र ग्लेन या चार तरुण मुलांना स्वप्नात एकच माणूस दिसू लागतो. त्याचा चेहरा भाजलेला आहे, डोक्यावर मळकी हॅट आहे, अंगात लाल-हिरव्या पट्ट्यांचा स्वेटर आहे आणि हातमोज्याच्या बोटांना सुऱ्या लावलेल्या आहेत. त्याने स्वप्नात केलेला वार खऱ्या शरीरावर उमटतो. हा फ्रेडी क्रूगर पूर्वी लहान मुलांचे खून करत असे; वॉरंटवर योग्य जागी सही नसल्यामुळे तो न्यायालयातून सुटला आणि मग गावातल्या पालकांनी एकत्र येऊन त्याला जाळून मारले. ही गोष्ट त्यांनी मुलांपासून कायमची लपवून ठेवली.

माझे मत असे की यातला रक्तपात हा पुरावा आहे. मुलांच्या बोलण्यावर एकही मोठा माणूस विश्वास ठेवत नाही. प्रेक्षकाने तो ठेवावा म्हणून स्वप्नातली जखम जागेपणी दाखवावीच लागते. रक्त काढून टाकले तर चित्रपट उभा राहील का, हा माझा प्रश्न आहे. अनुकूल-प्रतिकूल दोन्ही मते हवी आहेत.

जुनी_कॅसेट

हा चित्रपट अवश्य दाखवावा. नव्वदीच्या सुमारास आमच्या एका नातेवाइकांचे उमा टॉकीजच्या बाजूला व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचे दुकान होते आणि सुट्टीत मी तिथे बसत असे. ज्या जागी लोक कॅसेट पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहत, तिथे टेप झिजून चित्र थरथरू लागे. या चित्रपटाच्या कॅसेटमध्ये ग्लेनच्या पलंगातून रक्ताचा लोट छताकडे उसळतो, त्या जागी टेप सर्वांत जास्त झिजलेली होती. लोक काय पाहण्यासाठी ती नेत, हे त्यावरून कळते. मला त्यात काही वाईट वाटत नाही. पण रक्तपात हा केवळ पुरावा आहे, हे राजारामपुरीकरांचे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही. रक्ताचे आकर्षणही होते आणि निर्मात्यांना ते नक्की ठाऊक होते.

पंचगंगेकाठी

माझा विरोध नोंदवून ठेवतो. तुमच्या गटातल्या ज्येष्ठांचे मला पटते. भयपट करायचा तर सूचकतेने करता येतो; दार करकरले, सावली हलली, एवढ्यानेही माणूस दचकतो. टीनाला छतावर फरफटत नेऊन मारण्याचे दृश्य मी एकदाच पाहिले आणि त्यानंतर उरलेल्या चित्रपटात माझे मन लागले नाही. एका कोवळ्या मुलीची अशी विटंबना दाखवून दिग्दर्शकाने नेमके काय साधले, ते समजून घ्यायला मला आवडेल.

पडद्यामागचा

पंचगंगेकाठी, तुमच्या प्रश्नाच्या एका भागाचे उत्तर मी देऊ शकतो, कारण सेट उभारणे हेच माझे काम आहे.

त्या दृश्यात संगणकाची करामत अजिबात नाही. टीनाची संपूर्ण खोली एका मोठ्या फिरत्या सांगाड्यात बांधली होती. पलंग, टेबल, पडदे असे जे जे जागचे हलले असते ते पक्के बसवून टाकले होते आणि कॅमेरा खोलीच्या भिंतीलाच जखडला होता, त्यामुळे कॅमेरा खोलीबरोबर फिरे आणि पाहणाऱ्याला खोली स्थिर वाटे. अभिनेत्री अमांडा वाइस मात्र गुरुत्वाकर्षणाप्रमाणे खालीच राहत होती. खोली फिरत असताना ती आधी भिंतीवर आणि मग छतावर सरपटत गेली. त्या खोलीत तिची दिशांची जाणीव पार हरपली होती, हे तिने नंतर सांगितले आहे. पडद्यावर दिसणारी तिची असहायता काही अंशी खरी आहे ती त्यामुळे.

तीच खोली ग्लेनच्या मृत्यूसाठी पुन्हा वापरली. ग्लेन झालेल्या जॉनी डेप यांचा हा पहिलाच चित्रपट. खोली उलटी केली, म्हणजे पलंग वर गेला आणि छत खाली आले. पलंगाच्या मधल्या भोकातून रंगवलेले पाणी ओतले. ते पडत होते खालीच, पण पडद्यावर ते छताकडे उसळताना दिसते. द्रवाच्या वजनाने खोली भलत्याच दिशेला फिरली, पाणी दिव्यांवर गेले आणि विजेचा धोका निर्माण झाला. पाहणाऱ्यांना ती गडबड दृश्याचाच भाग वाटते. संपूर्ण चित्रपटासाठी सुमारे ५०० गॅलन नकली रक्त लागले, असे सांगितले जाते.

हे सगळे दहा-बारा लाख डॉलरांच्या आसपासच्या खर्चात झाले, आणि हॉलिवूडच्या मानाने ती रक्कम फार लहान आहे. नॅन्सीच्या पलंगावरच्या भिंतीतून फ्रेडी बाहेर झुकतो, ती भिंत म्हणजे ताणून बसवलेले लवचिक कापड आहे. मागून माणूस दाबतो आणि पुढून प्रकाश बरोबर पडला की भिंतच वितळल्यासारखी दिसते. आंघोळीच्या टबला तळ नव्हता, खाली पाण्याची टाकी होती. गल्लीतल्या दृश्यात फ्रेडीचे हात दोन्ही बाजूंच्या कुंपणांपर्यंत लांब होतात, ते लांब काठ्यांच्या आधाराने दोन्हीकडून धरलेले होते. या कारागिरीला मी मनापासून नमस्कार करतो.

मंगळवारपेठी

पडद्यामागचा, उत्तम माहिती दिलीत. कोल्हापूरकरांनी या वादात एक गोष्ट विसरू नये. पडद्यावरच्या रक्तपाताचा वाद भारतात ज्या चित्रपटांपासून सुरू झाला, त्यांतला एक आपल्याच गावचा आहे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली आला. खाडिलकरांच्या ज्या 'कीचकवध' नाटकावर ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती, त्याच कथानकावर तो आधारलेला होता. भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतके हुबेहूब साधले होते की प्रेक्षक भेदरले आणि त्या दृश्याला कात्री लागली. पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे होते. डोळ्यांना काय खरे वाटते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

अमेरिकेतही १९८४ साली टीनाच्या मृत्यूतले काही सेकंद कापल्यावरच हव्या त्या वर्गाचे प्रमाणपत्र मिळाले. कीचकवध अन्यायाविरुद्ध होता आणि टीनाचा मृत्यू निरपराध मुलीचा आहे, हा फरक मोठा आहे, तो मी नाकारत नाही. पण सूचकता श्रेष्ठ आणि दाखवणे हीन, असा सरसकट नियम केला तर पेंटरांनाही बाजूला ठेवावे लागेल.

पंचगंगेकाठी

मंगळवारपेठी, तुम्ही सांगितलेला फरक हाच माझा मुद्दा आहे. कीचकाच्या अंताने द्रौपदीला न्याय मिळतो आणि पाहणाऱ्याचे मन मोकळे होते. टीनाला कसला न्याय मिळाला?

गंगावेशीतली_लेक

टीनाला न्याय मिळत नाही, आणि चित्रपटाला नेमके तेच सांगायचे आहे. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे पाहणाऱ्याला वाटते की नायिका टीनाच आहे. पहिले स्वप्न तिचे, पहिली भीती तिची. तिचा अंत झाला की आपल्या पायाखालची जमीन सरकते, आणि मग नॅन्सीकडे आपण नव्या डोळ्यांनी पाहू लागतो. टीनाच्या मृत्यूचा आळ तिच्या मित्रावर, रॉडवर येतो. बंद खोलीत तिच्याबरोबर तो एकटाच होता. तिला मारणारा आपल्याला दिसलाच नाही, हे त्याचे सांगणे कोणाला पटणार? पुढे तो कोठडीत मरतो, तेव्हा मोठी माणसे आत्महत्या म्हणून मोकळी होतात.

पालकांकडे बारकाईने पाहा. टीनाची आई मुलीला घरी एकटी सोडून बाहेरगावी गेलेली आहे. नॅन्सीचे वडील पोलीस अधिकारी. जॉन सॅक्सन यांनी तो कोरडा, घाईतला बाप फार चांगला उभा केला आहे. मुलीचा पाठलाग करून ते रॉडला पकडतात, म्हणजे स्वतःच्या मुलीचा गळासारखा वापर करतात. आई दारू पिते, खिडक्यांना गज बसवते आणि मुलीला तेवढे एकच सांगते की तू झोप. त्याच आईने फ्रेडीचा हातमोजा तळघरातल्या भट्टीत जपून ठेवला आहे! ते दृश्य मला छतावरच्या रक्तापेक्षा अधिक भीतिदायक वाटते. आपल्याकडच्या कितीतरी घरांत मोठ्यांनी एकत्र येऊन दडवलेली एखादी गोष्ट असते आणि मुलांनी विचारले की त्यांना गप्प केले जाते. म्हणूनच एल्म स्ट्रीट मला कधीच परका वाटला नाही.

राजारामपुरीकर

ताई, तुमचा हा प्रतिसाद मी आमच्या गटात वाचून दाखवणार आहे. गळाची गोष्ट माझ्या मनात अशा नेमकेपणाने कधी आली नव्हती.

रात्रपाळीचा_डॉक्टर

झोपेचा मुद्दा कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. या कथेचे बीज वेस क्रेव्हन यांना वर्तमानपत्रातल्या बातम्यांत सापडले. आग्नेय आशियातल्या युद्धानंतर अमेरिकेत आलेल्या निर्वासितांपैकी, विशेषतः लाओसमधल्या ह्मोंग समाजातले, काही धडधाकट तरुण पुरुष झोपेतच मरण पावत होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८१ मध्ये या मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. शवविच्छेदनात कारण सापडत नव्हते. फिलिपीन्स आणि थायलंडमध्येही अशा मृत्यूंना लोकभाषेत स्वतंत्र नावे फार पूर्वीपासून आहेत.

पुढे १९९२ मध्ये ब्रुगाडा बंधूंनी हृदयाच्या विद्युतप्रवाहातल्या एका दोषाचे वर्णन केले. हृदयाच्या पेशींतून सोडियमचे कण ये-जा करण्याचे मार्ग काहींच्या बाबतीत जन्मतःच सदोष असतात. विश्रांतीत किंवा झोपेत नाडी मंदावली की ठोक्यांची लय एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो. अशा अनेक झोपेतल्या मृत्यूंचे मूळ या दोषात आहे, असे आता मानले जाते. काही रुग्णांच्या छातीत त्यासाठी लय सुधारणारे यंत्र बसवतात. याच्या जोडीला निद्रास्तंभ असतो. स्वप्नांच्या टप्प्यात शरीराचे स्नायू मेंदूने सैल सोडलेले असतात. त्या स्थितीत जाग आली तर हात हलत नाही, तोंडातून आवाज फुटत नाही आणि छातीवर कोणी बसल्याचा भास होतो. आपल्या भागातही असा अनुभव आलेले लोक भेटतात आणि त्यातले बरेच जण तो दवाखान्यात सांगण्याऐवजी देवऋषाकडे सांगतात.

नॅन्सी गोळ्या आणि कॉफीच्या बळावर जागी राहते, पण माणूस फार काळ तसा राहू शकत नाही. मेंदू काही सेकंदांच्या डुलक्या चोरून घेतो आणि त्या घेतल्याचे माणसाला कळतही नाही. वर्गात बसल्या बसल्या तिला टीना प्रेताच्या पिशवीतून हाक मारते ते दृश्य म्हणूनच इतके अचूक आहे. झोप कुठे सुरू झाली, ते आपल्यालाही समजत नाही. चित्रपटाची खरी भीती मला इथे दिसते. भुताच्या वाड्यात जायचे टाळता येते, पण झोप टाळता येत नाही.

विद्यापीठ_वसतिगृह

मी आजच्या पिढीतला आहे, म्हणून वेगळे सांगतो. आमच्या खोलीवर आम्ही २०१० ची नवी आवृत्ती आधी पाहिली आणि मग मूळ चित्रपट. नव्यात फ्रेडी खूप वेळ दिसतो, सगळे स्वच्छ दिसते आणि भीती मात्र वाटत नाही. मूळ चित्रपटात फ्रेडीची भूमिका करणारे रॉबर्ट एंग्लंड जेमतेम सात मिनिटे पडद्यावर आहेत. उरलेला वेळ पाइपांच्या बोळातून येणारा खरखरीत आवाज आणि दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुलींचे गाणे यांवर निभावून नेला आहे. पंचगंगेकाठी ज्या सूचकतेविषयी बोलत आहेत, ती या चित्रपटात भरपूर आहे.

तांबडा_पांढरा

राजारामपुरीकर, चित्रपटानंतर जेवण ठेवणार असाल तर त्या रात्री केवळ पांढरा रस्सा ठेवावा, अशी नम्र सूचना करतो.

जुनी_कॅसेट

तांबडा_पांढरा यांची सूचना ज्येष्ठांनाही मान्य होईल असे वाटते.

वर कोणी हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंचा उल्लेख केला नाही, म्हणून लिहितो. 'पुराना मंदिर' १९८४ सालचाच, म्हणजे एल्म स्ट्रीटच्याच वर्षीचा. पुढे नव्वदच्या दशकात त्यांनी 'महाकाल'मध्ये एल्म स्ट्रीटची कथा बरीचशी उचलली. अर्चना पूरणसिंग, रीमा लागू, कुलभूषण खरबंदा आणि जॉनी लिव्हर त्यात होते. हातमोजाही आहे, स्वप्नेही आहेत. पण मधे गाणी आणि विनोदी प्रसंग येतात, त्यामुळे मूळ चित्रपटात वाढत जाणारा झोपेचा ताण दर वेळी सैल होतो. रामसे बंधूंवर माझे प्रेम आहे. कमी पैशांत धुके, रंगीत दिवे आणि मुखवटे यांतून त्यांनी एक वेगळी दुनिया उभी केली. तरी या एका बाबतीत क्रेव्हन सरस ठरतात, हे मान्य करायला हवे.

पडद्यामागचा

जुनी_कॅसेट यांच्याशी सहमत आहे. लाल-हिरव्या स्वेटरविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. हे दोन रंग शेजारी शेजारी आले की डोळ्यांना ते एकत्र पाहणे सर्वांत जड जाते, असे क्रेव्हन यांनी एका विज्ञानविषयक मासिकात वाचले होते आणि म्हणून त्यांनी फ्रेडीला ते पट्टे दिले. रंगाने अस्वस्थ करण्याचा हा विचार पडदे रंगवणाऱ्या माणसाला लगेच समजेल.

पंचगंगेकाठी

काल रात्री मी चित्रपट पुन्हा पाहिला. या वेळी टीनाच्या दृश्यानंतर उठलो नाही. गंगावेशीतल्या ताईंनी दाखवलेली पालकांची बाजू मला पटली आणि डॉक्टरांनी सांगितलेले वर्गातले दृश्य तर विलक्षण आहे. तरीही माझे मत एका ठिकाणी कायम आहे. टीनाच्या मृत्यूला पुरावा म्हणता येईल, कारण त्यानंतर आपला विश्वास बसतो. पण ग्लेन मरतो तेव्हा प्रेक्षकाचा विश्वास आधीच बसलेला असतो. तिथे ते छतापर्यंत उसळणारे रक्त कोणासाठी आहे?

गंगावेशीतली_लेक

ते रक्त ग्लेनच्या आईवडिलांसाठी आहे. आधी काय घडते ते आठवा. नॅन्सी समोरच्या घरातून फोन करते, ग्लेनला उठवा म्हणून विनवते, आणि त्याचे वडील रिसीव्हर काढून ठेवतात. शेजारची मुलगी वेडसर आहे, तिच्याशी आपल्या मुलाने बोलू नये, एवढेच त्यांना वाटते. त्यानंतर जे रक्त येते ते एका माणसाच्या शरीरात मावणार नाही इतके आहे. ते वास्तव नाही, हे दिग्दर्शकालाही कळते. फोन बंद करून ठेवणाऱ्या घराच्या छतातूनच ते खाली ठिबकते. टीनाच्या वेळी रक्त पुरावा होते, इथे ते दोषारोप आहे.

मंगळवारपेठी

ताईंच्या या वाचनाला मी अनुमोदन देतो, आणि राजारामपुरीकरांच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. रक्त काढून टाकले तर चित्रपट उभा राहील; झोप, पालक आणि नॅन्सी यांच्या बळावर तो नक्की उभा राहील. पण तो पालकांना माफ करणारा चित्रपट होईल.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ज्येष्ठ सदस्यांशी मी पुन्हा बोललो. त्यातल्या एकांनी यायचे कबूल केले आहे. दुसरे येणार नाहीत आणि त्यांच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. कापलेली प्रत न दाखवता संपूर्ण चित्रपट दाखवायचा, मात्र आधी सर्वांना स्पष्ट कल्पना द्यायची आणि ज्यांना मधेच उठायचे असेल त्यांच्यासाठी दाराजवळच्या खुर्च्या मोकळ्या ठेवायच्या, असे ठरले. डॉक्टर, आपण त्या दिवशी येऊन झोपेविषयी थोडे बोलाल का?

एक शंका उरते. नॅन्सी फ्रेडीकडे पाठ फिरवते आणि मी तुला दिलेली सगळी शक्ती परत घेते असे म्हणते, तिच्या त्या विजयावर क्रेव्हन यांना चित्रपट संपवायचा होता. निर्माते रॉबर्ट शे यांना पुढच्या भागासाठी दार उघडे ठेवायचे होते, म्हणून पट्ट्यांच्या टपाची मोटार आणि आईला दारातून आत ओढून नेणारा हात, असा शेवट जोडला गेला. चर्चेत तो शेवट जमेस धरावा की नाही?

रात्रपाळीचा_डॉक्टर

रात्रपाळी नसेल तर अवश्य येईन.

विद्यापीठ_वसतिगृह

शेवट जमेस धरू नये, असे माझे मत आहे. त्या शेवटामुळेच पुढचे इतके भाग आले आणि त्यांत फ्रेडी हळूहळू विनोद करणारा माणूस झाला. पाठ फिरवण्याच्या क्षणी नॅन्सी जिंकलेली आहे.

गंगावेशीतली_लेक

मी मात्र तो जमेस धरीन. शेवटच्या सकाळी आई दारात उभी राहून नॅन्सीला सांगते की आता मी दारू सोडणार. तिने पोलिसांना काही सांगितलेले नाही, शेजाऱ्यांशी ती काही बोललेली नाही, जाळलेल्या माणसाविषयी गावात कोणी अवाक्षर काढलेले नाही. नॅन्सीने आपली भीती जिंकली, पण मोठ्यांनी केलेल्या गुन्ह्याची कबुली एकानेही दिली नाही. मग फ्रेडी जाईल कसा?